लिव्हर फेल झाल्यावर प्लाझ्मा एक्स्चेंज: नातेवाइकांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

‘मशीन लावलं, बिलिरुबिन निम्म्यावर आलं, आता लिव्हर सुधारतंय ना?’ लिव्हर आयसीयूच्या बाहेर बसलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाचा हा प्रश्न असतो. ‘हो’ असं गृहीत धरून पुढची धावपळ थांबवली जाते आणि तिथेच रुग्णाचं सर्वांत मोठं नुकसान होतं.

किडनीचं डायलिसिस सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे लिव्हरचं मशीनही तसंच असेल असं वाटतं. किडनीचा रुग्ण डायलिसिसवर वर्षानुवर्षं काढतो. लिव्हरसाठी असं मशीन आज उपलब्ध नाही. जी आहेत (प्लाझ्मा एक्स्चेंज त्यातलंच एक) ती रक्तातला विषारी कचरा काही प्रमाणात काढतात. रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करणं, साखर सांभाळणं, जंतूंशी लढणं ही लिव्हरची कामं त्यांना जमत नाहीत. त्यांच्यामुळे थोडे दिवस हातात येतात, आणि तेवढ्या दिवसांत लिव्हर स्वतःहून सावरायला हवं किंवा दुसरं मिळायला हवं.

हा लेख रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्या निर्णयाभोवतीची निम्मी कामं नातेवाइकांच्या अंगावर येतात, आणि त्यांचा क्रम चुकला की मशीनचा उपयोग होत नाही.

टप्पा १: लिव्हर अचानक गेलंय की जुनं दुखणं उफाळलंय, ते आधी कळून घ्या

डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

आधी लिव्हर ठणठणीत होतं, काही दिवसांत कावीळ झाली, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) १.५ किंवा त्याहून जास्त झाला आणि रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागला, तर ते ‘अ‍ॅक्यूट लिव्हर फेल्युअर’. आपल्याकडे त्यामागे हिपॅटायटिस ए किंवा ई, टीबीची औषधं, पॅरासिटामॉलचा मोठा डोस, अनोळखी जडीबुटी किंवा उंदीर मारण्याची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट अशी कारणं सापडतात. याउलट दारूमुळे किंवा जुन्या हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर आधीच आक्रसलेलं असेल आणि एखाद्या संसर्गाने एकदम कोसळलं असेल, तर तो वेगळा आजार. त्यात मशीनच्या फायद्याचा पुरावा बराच कमजोर आहे.

कारण लपवू नका. दारू, गावातल्या वैद्याची पुडी, व्यायामशाळेतली पावडर, सगळं सांगा. विष घेतलं असेल तर पोलिसांच्या भीतीने ‘चुकून पोटात गेलं’ असं गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही. हॉस्पिटल नियमाप्रमाणे पोलिसांना कळवेल, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

सावधान: उंदराच्या पेस्टचा रुग्ण पहिल्या दिवशी उलट्या थांबल्या की अगदी बरा दिसतो. पोट धुतलं, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात. या विषावर उतारा नाही. रुग्ण कितीही हसत-बोलत असला तरी रोज आयएनआर आणि एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासल्याशिवाय त्याला घरी नेऊ नका.

टप्पा २: रुग्ण शुद्धीवर असतानाच हलवा

सर्वांत जास्त उशीर इथेच होतो. आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं दाखवतात, नाकात थेंब सोडतात, एरंडाच्या पानांचा रस पाजतात. त्यात तीन-चार दिवस जातात. मग तालुक्याच्या हॉस्पिटलात सलाइनवर आणखी दोन.

घरच्या माणसांनी ओळखायची खूण वागण्यातली आहे. दिवसा झोपणं आणि रात्रभर जागं राहणं, उगाच चिडचिड, सही वेडीवाकडी येणं, नात्यातल्या माणसाला दुसऱ्याच नावाने हाक मारणं. हात पुढे करून पंजे ताठ ठेवायला सांगितले की ते पंख फडफडल्यासारखे हलतात. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या हॉस्पिटलात हलवायचं. गुंगी वाढल्यावर रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालूनच न्यावं लागतं आणि प्रवासातला धोका कैकपटीने वाढतो.

निघण्याआधी तिथल्या आयसीयूत फोन करून तीन गोष्टी विचारा: बेड आहे का, प्लाझ्मा एक्स्चेंज रात्रीही होतं का, ट्रान्सप्लांटची टीम जागेवर आहे का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल तर दुसरं हॉस्पिटल शोधा. फक्त मशीन असलेल्या ठिकाणी रुग्ण नेऊन, तिथे चार दिवस खर्च करून, मग व्हेंटिलेटरसह पुन्हा हलवणं हा प्रकार टाळायचाच.

सोबत न्यायचं: आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारीख आणि वेळेसह, दिलेल्या औषधांची यादी, घरात सापडलेल्या गोळ्या किंवा पेस्टचं पाकीट, रुग्णाचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड.

सावधान: बडबड करतो म्हणून झोपेची गोळी किंवा इंजेक्शन देऊ देऊ नका. शुद्ध किती हरपली आहे हे मोजायचं साधनच त्यामुळे जातं. प्रवासात साखर अचानक उतरते, म्हणून ग्लुकोमीटर असलेली आणि डॉक्टर सोबत असलेली अ‍ॅम्ब्युलन्स घ्या.

टप्पा ३: ट्रान्सप्लांटचं काम मशीनच्या आधी सुरू करा

‘आधी मशीन लावून बघू, नाही जमलं तर ट्रान्सप्लांटचं बघू.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण हिशोब जुळत नाही. मशीनमुळे मिळतात थोडे दिवस, आणि दात्याच्या तपासण्या व कागदपत्रांना घाई केली तरी एक-दोन दिवस लागतातच. म्हणून दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हायला हवं. लिव्हर सावरलं तर दात्याच्या तपासण्यांचा खर्च वाया जाईल. तो जाऊ द्या.

दाता कोण? कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, मेहुणा, मामा, चुलत भाऊ यात येत नाहीत. ते देऊ शकतात, पण प्रकरण अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातं आणि वेळ लागतो. म्हणून आधी यादीतल्या माणसांचे रक्तगट बघा. दाता सज्ञान, निरोगी आणि साधारण पन्नाशीच्या आतला हवा. लिव्हरमध्ये चरबी असेल तर तो बहुधा बाद होतो, म्हणून एकाच माणसावर भिस्त ठेवू नका, दोघांच्या तपासण्या समांतर चालू द्या.

नात्याचे पुरावे त्याच रात्री गावाहून मागवा: जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, पती-पत्नी असतील तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि लग्नाचे फोटो. नोंदणीच केलेली नसणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण. ती आहे हे पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट समन्वयकाला सांगा, म्हणजे पर्यायी पुरावा काय चालेल ते कळेल.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. यकृत द्यायला बहुतेक वेळा पत्नी, आई किंवा बहीण पुढे येते, किंवा तिला पुढे केलं जातं. स्त्री दात्याची संमती रुग्णाव्यतिरिक्त कुणाकडून तरी स्वतंत्रपणे पडताळावी असं नियमांतच म्हटलं आहे. तिला समन्वयकाशी एकटीने बोलू द्या. आतल्या खोलीत ती ‘नको’ म्हणाली तर बाहेर तिला जाब विचारायचा नाही.

मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठीही नोंदणी करा. ती हॉस्पिटलमार्फतच अवयववाटपाच्या विभागीय केंद्राकडे होते. महाराष्ट्रात अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. अ‍ॅक्यूट लिव्हर फेल्युअरचा रुग्ण तातडीच्या यादीत घेता येतो. तसा अर्ज गेला का, हे समन्वयकाला स्पष्ट विचारा.

पैशांचं कामही आजच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं.

टप्पा ४: कुठलं मशीन, ते समजून संमती द्या

संमतीपत्रावर ‘लिव्हर डायलिसिस’ एवढंच लिहिलेलं असतं आणि लोक सही करतात. त्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

प्लाझ्मा एक्स्चेंज: रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा (पेशी सोडून उरणारा पातळ भाग) वेगळा करून टाकून द्यायचा आणि त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरायचा. डेन्मार्क, इंग्लंड आणि फिनलंडमधल्या १८२ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या प्रमाणावरचं एक्स्चेंज सलग तीन दिवस केल्यावर ५८.७ टक्के रुग्ण हॉस्पिटलातून जिवंत घरी गेले. नेहमीच्या उपचारांवर हा आकडा ४७.८ टक्के होता. फायदा दिसला तो मुख्यतः ज्यांना ट्रान्सप्लांट मिळालं नाही त्यांच्यात. उंदराच्या पेस्टच्या रुग्णांत कमी प्रमाणातलं एक्स्चेंजही वापरतात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्यावर बरंच काम केलं आहे.

मार्स: यात रक्त एका पडद्याच्या एका बाजूने आणि अल्ब्युमिनचं (रक्तातल्या एका प्रथिनाचं) द्रावण दुसऱ्या बाजूने वाहतं. अल्ब्युमिनला चिकटलेलं विष पडदा ओलांडून पलीकडे जातं. एक सत्र ६ ते ८ तास चालतं आणि खर्च मोठा. फ्रान्समध्ये १०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत जगण्याच्या प्रमाणात ठाम फरक सिद्ध झाला नाही. मात्र तिथे बऱ्याच जणांना दिवसाच्या आत लिव्हर मिळालं होतं, त्यामुळे मशीनला स्वतःला सिद्ध करायला वेळच उरला नाही. आपल्याकडे इतक्या लवकर लिव्हर मिळेल या भरवशावर कुणी राहू नये.

सीआरआरटी: हे मुळात किडनीचं, संथ गतीने चोवीस तास चालणारं डायलिसिस. अमोनिया (लिव्हर बंद पडलं की रक्तात साचणारं, मेंदूला बाधणारं द्रव्य) आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवायला ते उपयोगी पडतं. बऱ्याचदा प्लाझ्मा एक्स्चेंजच्या मधल्या तासांत हेच चालू ठेवतात.

माझं मत: जिथे प्लाझ्मा एक्स्चेंज आणि सीआरआरटी नीट होतं, तिथून केवळ मार्ससाठी रुग्ण हलवू नये.

तपासा: सायकल म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंजची एक फेरी. सहीआधी विचारा, ‘किती सायकल, प्रत्येक वेळी किती लिटर, आणि किती सायकलनंतर तुम्ही फेरविचार करणार?’ शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर वरिष्ठांना भेटा.

टप्पा ५: प्लाझ्मा जमवणं

आधी हिशोब. वजन किलोत घेऊन त्याला ०.०६५ ने गुणायचं, आणि रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण वजा जाता जो भाग उरतो त्याने पुन्हा गुणायचं. ६० किलोच्या माणसाचा हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं हेच प्रमाण) ३५ टक्के असेल तर ६० × ०.०६५ × ०.६५, म्हणजे अडीच लिटर प्लाझ्मा. एक पिशवी साधारण २०० मिलीची धरली तर एका साध्या सायकलला १२-१३ पिशव्या. मोठ्या प्रमाणावरच्या एक्स्चेंजमध्ये आदर्श वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९ लिटर, चाळीसहून जास्त पिशव्या, तेही रोज. म्हणूनच अनेक केंद्रं मधला आकडा धरतात.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ हे लाल पेशींबद्दल खरं आहे. प्लाझ्मात नियम उलटा. एबी गटाचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो, आणि ओ गटाच्या रुग्णाला कुठल्याही गटाचा प्लाझ्मा देता येतो. ए गटाला ए किंवा एबी, बी गटाला बी किंवा एबी, आणि एबी गटाच्या रुग्णाला फक्त एबी. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सहसा बघावं लागत नाही. रुग्ण एबी असेल तर अडचण मोठी, कारण त्या गटाची माणसंच कमी. अशा वेळी पहिल्या तासातच दोन-तीन रक्तपेढ्यांशी बोला. साठा ई-रक्तकोष या सरकारी वेबसाइटवर दिसतो, पण फोन करून खात्री केल्याशिवाय माणूस पाठवू नका. आणि लिव्हरच्या दात्याचा गट जुळवताना पुन्हा लाल पेशींचाच नियम लागू होतो. दोन्ही याद्या एकाच कागदावर लिहिल्या की हमखास घोळ होतो, वेगळ्या ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तातडीने रक्त हवे’ असा मेसेज फिरवण्याआधी हे लक्षात घ्या: आज दिलेलं रक्त आज रुग्णाला मिळत नाही. ते वेगळं करून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियाच्या तपासण्या झाल्यावरच पिशवी बाहेर पडते. तुमचे दाते साठ्याची भरपाई करतात. त्यामुळे पन्नास जण एकाच सकाळी नेण्यापेक्षा रोज दहा-बारा जण न्यावेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागच्या वेळी रक्त देऊन पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले. घरात संसर्गजन्य कावीळ असेल तर त्याच घरातल्या माणसांनी ते रक्तपेढीला आधीच सांगावं. बहुधा त्यांना परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

सावधान: प्लाझ्मा गोठवलेला असतो. ३७ अंशांच्या पाण्यात तो वितळवायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा वितळलेली पिशवी पुन्हा गोठवता येत नाही. मानेत किंवा जांघेत कॅथेटर (मशीनला जोडायची नळी) बसलंय, मशीन तयार आहे, असं आयसीयूने कळवल्यावरच रक्तपेढीला ‘वितळवा’ म्हणा. ‘आत्ताच सुरू होतंय’ ऐकून बाराच्या बारा पिशव्या वितळवल्या आणि रुग्णाचा रक्तदाब कोसळून सायकल उद्यावर गेली, असं होतं. चार-चार पिशव्यांच्या हप्त्याने मागवा.

टप्पा ६: सायकल चालू असताना

हे काम आयसीयूचं, तुम्ही आत नसता. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या.

पहिली, कॅल्शियम. प्लाझ्माच्या पिशव्यांत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. ते मोडायचं काम लिव्हरचं, आणि तेच बंद आहे. मग सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ओठांना मुंग्या येतात, पेटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून मधून मधून आयोनाइज्ड कॅल्शियम तपासून कॅल्शियम सोडत राहतात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि ‘तोंडाला मुंग्या येतायत’ म्हणाला, तर लगेच नर्सला सांगा. अंगावर गांधी, थंडी वाजणं किंवा धाप, यांनाही तेच लागू.

दुसरी, औषधांची वेळ. प्लाझ्माबरोबर काही औषधंही निघून जातात. अँटिबायोटिकचा डोस सायकलच्या अगदी आधी दिला तर त्यातला बराचसा वाया जाऊ शकतो. ‘डोस सायकलनंतर देताय ना?’ असं विचारण्यात काही गैर नाही.

मशीनखाली लटकलेली पिशवी दिसली तर ती राईच्या तेलासारखी गडद पिवळी असते, आणि आत जाणारा प्लाझ्मा फिकट. नातेवाईक त्या पिशवीचा फोटो काढून ‘कावीळ निघाली’ म्हणून गावाकडे पाठवतात. निघालं ते रक्तातलं बिलिरुबिन. ते का साचलं, त्या कारणाला मशीनने हातही लावलेला नाही.

टप्पा ७: रिपोर्ट वाचताना

एक वही घ्या. रकाने करा: तारीख-वेळ, आयएनआर, बिलिरुबिन, अमोनिया, लॅक्टेट, क्रिएटिनिन, साखर, लघवी, शुद्धीची पायरी. प्रत्येक नोंदीपुढे ‘सायकलच्या आधी’ की ‘नंतर’ ते लिहा. हा शेवटचा रकाना नसेल तर वहीचा उपयोग नाही.

सायकलनंतर लगेच आयएनआर ५ वरून २ वर येतो, कारण आत ओतलेल्या प्लाझ्मातच रक्त गोठवणारी प्रथिनं होती. ती दात्यांची. त्यांचा असर काही तासांत ओसरतो. म्हणून तुलना करायची ती आज सायकलच्या आधीच्या आकड्याची उद्या सायकलच्या आधीच्या आकड्याशी. आधीचे आकडे ५, ४, ३ असे उतरत असतील तर लिव्हर खरंच काम करू लागलंय. नंतरचा आकडा रोज २ आणि आधीचा रोज ५ असेल, तर जो काही फरक दिसतोय तो पिशव्यांचा आहे.

एसजीपीटी आणखी फसवं. चार हजारावरून चारशेवर आलं की मिठाई वाटायची घाई होते. आयएनआर चढता आणि शुद्ध ढासळती असताना एसजीपीटी कोसळत असेल, तर फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा अर्थ निघतो. एसजीपीटी कधीही एकटं वाचू नका.

अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत जायला हवा, नाहीतर आकडा खोटाच वाढतो. अचानक उडी दिसली तर आधी नमुना कसा गेला ते विचारा. तो नीट गेला असेल आणि आकडा १५० मायक्रोमोलच्या वर टिकून असेल, तर मेंदूवरच्या सुजेचा धोका मोठा असतो.

तपासा: सायकलला १२ तास उलटल्यावर रुग्ण हाकेला कालच्यापेक्षा चांगली ओ देतो का? व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णात हे उत्तर कुठल्याही एका आकड्याइतकंच मोलाचं आहे.

टप्पा ८: थांबायचं कधी

आधीचे आकडे सलग सुधारतायत, साखर बाहेरून न देता टिकतेय, रुग्ण ओळखतोय: मशीन थांबवून २४ ते ४८ तास नुसतं निरीक्षण करतात. या काळात दात्याला गावी पाठवू नका आणि यादीतलं नाव काढायची घाई करू नका.

ठरलेल्या सायकली झाल्या आणि सुधारणा नाही: आणखी चार सायकली मागण्याऐवजी ट्रान्सप्लांट आज होऊ शकतं का ते विचारा. ही खिडकी बंद होते. बुबुळं प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी झाली, संसर्ग आटोक्याबाहेर गेला किंवा रक्तदाबाची औषधं वाढतच राहिली, तर शस्त्रक्रिया करता येत नाही.

ट्रान्सप्लांट शक्यच नाही आणि मशीनचाही उपयोग होत नाही: डॉक्टरांनी तसं सांगितलं तर दुसऱ्या लिव्हरतज्ज्ञाचं मत फोनवर, रिपोर्ट पाठवून घ्या. रुग्णाला हलवू नका. तेच उत्तर आलं तर रक्तपेढीतली धावपळ थांबवा आणि घरच्यांना भेटीसाठी बोलावून घ्या. त्यासाठी आयसीयू सहसा वेळेचे नियम सैल करतं, पण ते मागावं लागतं.

सुधारलेल्या रुग्णाचं कॅथेटर काढल्यावर ती जागा पुरेसा वेळ दाबून धरावी लागते आणि काही तास पडून राहावं लागतं, कारण रक्त गोठण्याची ताकद अजून पूर्ण आलेली नसते. डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून मागा: पुढचा आयएनआर कधी करायचा, कुठली औषधं पुन्हा कधीच घ्यायची नाहीत, आणि टीबीचा कोर्स अर्धवट राहिला असेल तर तो कोणत्या औषधांनी आणि कुणाच्या देखरेखीखाली पुरा करायचा. विष घेतलेल्या रुग्णासाठी चौथी: मानसोपचारतज्ज्ञाच्या पहिल्या भेटीची तारीख.